यशवंत अण्णांचा चौथा भाग

तिसऱ्या तासाला आठवीची मुलं भूप घोळवत होती आणि टेबलावर ठेवलेला माझा फोन थरथरत होता. पडद्यावर ‘हौसाक्का, निपाणी’ असं नाव. हौसाक्का म्हणजे यशवंत अण्णांची थोरली बहीण. ती आपणहून कधी फोन करत नसे, म्हणून मी मुलांना गप्प बसवून व्हरांड्यात आले. “बाई, यशवंता गेला,” ती म्हणाली. “च्या मागितला. मी घिऊन येस्तवर गेला.” ती रडत नव्हती. मीही रडले नाही. खरं सांगायचं तर मला आधी राग आला. अडीच महिने हा माणूस माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता. शेवटचं वाक्य त्यांचं होतं, उत्तर माझ्याकडे राहिलं होतं, आणि ते मी रोज मनात घासूनपुसून तयार ठेवलं होतं. आता ते कुणाला द्यायचं?

या पुरवणीसाठी त्यांच्याबद्दल लिहाल का, असं विचारलं गेलं तेव्हा म्हणूनच मी आधी नको म्हणाले. गेलेल्या माणसाविषयी चार चांगले शब्द लिहायचे असतात, आणि यशवंत चौगुले या गृहस्थांनी सहा वर्षांत मला जेवढं छळलं तेवढं सासरच्यांनीही कधी छळलं नव्हतं. पण दोन आठवडे टाळाटाळ केल्यावर लक्षात आलं, की त्यांच्याबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही. लिहिलं तर चुकीचं लिहील.

अण्णा मूळचे निपाणीचे. वडील लवकर गेले. आई बिड्या वळायची. सतराव्या वर्षी ते लष्करात भरती झाले आणि तिथं त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा क्लॅरिनेट जास्त शोभतं असं कुणाला तरी वाटलं, म्हणून बँडमध्ये गेले. देशभर फिरले, पाश्चात्त्य संगीताचं लेखन शिकले, बँडमास्तर होऊन निवृत्त झाले. मग बेळगावात एक खोली घेऊन राहिले आणि आमच्या शाळेत मुलांचं बँडपथक बसवायला येऊ लागले. मी तिथंच संगीत शिकवते. पहिल्याच दिवशी ते माझ्या वर्गाच्या खिडकीबाहेर पाच मिनिटं उभे राहिले आणि मधल्या सुट्टीत म्हणाले, “बाई, तुमची पेटी गंधारावर उतरल्या.” नमस्कार नाही, ओळख नाही. पेटी खरोखरच उतरलेली होती, त्यामुळे जास्तच राग आला.

पुढं वर्षभरानं, असेच एकदा, ते स्टाफरूममध्ये आले आणि माझ्या डब्याशेजारी कागदांचं एक बाड ठेवलं. “सिंफनी लिवलोय,” म्हणाले. मी पोळी तोंडात धरून बघत राहिले. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची लांबलचक रचना, साधारण चार भागांची, आणि त्यात वाद्यंच बोलतात, एवढं मला माहीत होतं. बेळगावात बसून हे कोण वाजवणार आणि कोण ऐकणार, हे मात्र कळेना. अण्णांनी शांतपणे सांगितलं, की निवृत्त फौजी वाजवतील, निपाणीच्या लग्नाच्या बँडमधली माणसं वाजवतील, व्हायोलिनला फर्नांडिस सर आहेत. पहिले तीन भाग वाद्यांचे. चौथ्या भागात वाद्यं हळूहळू मागं सरणार आणि एका बाईनं गाणं म्हणायचं. ते गाणं म्हणजेच शेवट. “सिंफनीचा शेवट गाण्यानं?” मी विचारलं. “मोठ्या लोकांनी केलंय तसं. परदेशात,” ते म्हणाले. “आपल्याकडं न्हाय केलं कुणी. ती बाई तुम्ही.” मला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

ते गाणं त्यांच्या आईचं होतं. निपाणीत एका ओसरीवर पाचसात बाया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसायच्या, त्यांनी जुळवलेलं. चार ओळी:

पान भिजलं गं, दोरा लाल,
हाताचा वास गं कसा जाईल,
दिवा लागला, पोर भुकेलं,
साकु माडव्वा, मनीगे होगूण.

पहिल्या तीन ओळी अण्णांची आई म्हणायची. चौथी तिच्या शेजारी बसणारी कल्लव्वा म्हणायची. कल्लव्वा कानडी. “पुरे कर गं बाई, घरी जाऊ,” एवढाच तिचा अर्थ. “आई थांबायची का मग?” मी विचारलं होतं. “न्हाय,” अण्णा म्हणाले. “कल्लव्वा रोज म्हणायची. आई रोज आणखी धा पानं घ्यायची.” “मी भरतीला गेलो तेव्हापण वळतच होती, मान वर करून बघितलं न्हाय,” असंही ते एकदा म्हणाले, पण लगेच लग्नाच्या बँडमधल्या रामचंद्रच्या क्लॅरिनेटची वेताची पट्टी बदलायला उठून गेले.

दर रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात तालीम. रामचंद्र निपाणीहून पहिल्या बसनं यायचा. लग्नाच्या बँडमध्ये आयुष्य गेलेलं, त्यामुळे संथ सूर धरायला सांगितला की त्याचे पाय आपोआप नाचायला लागायचे. फौजी मंडळी वेळेआधी पंधरा मिनिटं हजर आणि बाकीचे उशिरा आले की घड्याळाकडे बघत बसायची. आणि मी. चौदा रविवार मी त्या सभागृहात खुर्चीवर बसून राहिले, एक सूर न लावता. चौथा भाग येईपर्यंत अण्णांना पहिल्याच भागातल्या वाद्यांच्या त्याच चार ओळी पुन्हा पुन्हा घ्यायच्या असत. मी भाजी निवडायला बरोबर नेऊ लागले तर म्हणाले, “बाई, ऐका. तुमच्या आधी काय झालंय ते तुम्हाला ठावं पायजे.” कुणी विचारलं, अण्णा, हा पहिला भाग कशावर आहे, तर उत्तर ठरलेलं: “पहिला भाग हा पहिला भाग हाय.” तो फौजी चालीचा मार्च होता आणि चालता चालता सारखा मोडायचा, एवढं मला ऐकून ऐकून कळलं. फार सुंदर होता. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी तो बदलला असता.

पंधराव्या रविवारी माझी पाळी आली. मी किराणा घराण्याच्या गुरूंकडे अकरा वर्षं शिकलेली बाई. सूर लावला, पहिली ओळ छान आळवली. अण्णांनी बँडमास्तरची काठी खाली ठेवली. “बाई, तुम्ही गाऊ नका. म्हणा.” मला वाटलं शब्द स्पष्ट हवेत. पुन्हा घेतलं. “गायलासा परत. म्हणा.” असं त्या दिवशी किती वेळा झालं कोण जाणे. त्यांना मींड नको, खटका नको, आलापाचा तर वासही नको. दिवसभर पाठ वाकवून बसलेली बाई कशी म्हणेल, तसं हवं. “तिला दम असतोय का हरकती घ्यायला?” मी म्हणाले, मग बिड्या वळणाऱ्या बाईलाच बसवा खुर्चीवर. तर म्हणाले, “दोघींना विचारलं. चाळीस मिनटं गप बसायला त्यास्नी सवड न्हाय.” म्हणजे माझी निवड या गुणावर झाली होती.

आणखी एक भांडण कायमचं होतं. शेवटची, कल्लव्वाची ओळ आली की सगळी वाद्यं थांबायची. चाळीस माणसं गप्प आणि माझा एकटीचा आवाज, तोही साधा, उघडा. मी विनवलं, की खाली एखादा सूर तरी द्या, नुसता षड्ज, तंबोऱ्यासारखा; आधाराशिवाय मला तिथं उभं राहता येत नाही. “आधार मिळाला की तुम्ही गाणार,” अण्णा म्हणाले. विषय संपला.

त्या ओळीनं त्रास फक्त मला दिला नाही. रचना तयार होऊन पुढची दोन वर्षं ती वाजवायला जागा मिळेना. एका मराठी मंडळाचं मोठं सभागृह होतं. अध्यक्ष भले गृहस्थ, त्यांनी चहा पाजला, संगीत ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाले, “अण्णा, फक्त एक ओळ. शेवट कानडीत झाला तर मी लोकांना तोंड काय दाखवू?” मग कानडी बाजूच्या एका कार्यालयातल्या साहेबांना फर्नांडिस सरांनी गाठलं. तेही भले. त्यांचं म्हणणं, शेवटची ओळ छानच आहे, वरच्या तीनही तशाच करून टाका. अण्णांनी दोघांनाही तेच उत्तर दिलं: “ज्यानं म्हटलंय त्याच्या तोंडात ऱ्हाऊ दे.” आणि परत येऊन रविवारी पहिल्या भागातल्या त्या चार ओळी घेतल्या.

आता मी माझं सांगते, कारण न सांगता हा लेख पुरा होणार नाही. माझं माहेर बेळगावजवळचं येळ्ळूर. माझे वडील सीमाप्रश्नाच्या आंदोलनात दोनदा तुरुंगात गेलेले. आमच्या घरात जेवताना कानडी शब्द आला तर पानावरून उठायचे. मी स्वतः बाजारात, बँकेत, शाळेच्या कार्यालयात रोज कानडी बोलते. पण बोलणं वेगळं आणि मंचावर उभं राहून गाणं वेगळं. मी अण्णांना एकदा बाजूला घेऊन म्हटलं, “‘पुरे कर बाई, घरला जाऊ’ असं केलं तर काय बिघडतं? चालीत बसतंय की.” त्यांनी ते मनातल्या मनात म्हणून बघितलं. खरंच बघितलं, ओठ हलले. “बसतंय,” म्हणाले. “पर आईला हे कल्लव्वा म्हणत होती. मराठीत तिला कोण पुरे म्हणालं न्हाय. आमच्यातलं कोण म्हणालं न्हाय, बाई. मीपण न्हाय.” मी मान डोलावली. पण माझं समाधान झालं होतं असंही नाही.

शेवटी जागा मिळाली ती निपाणीत, तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीत. तंबाखू निघून गेली तरी वास भिंतीतून जात नाही. फुंकून वाजवणारी सगळी मंडळी शिंकून बेजार. माझा घसा तर सकाळपासूनच जळत होता. अण्णा म्हणाले, “हेच पायजे.” दुपारचा कार्यक्रम. पुढच्या सतरंज्यांवर बिडी वळणाऱ्या बाया आपापली सुपं घेऊनच आल्या, कारण दिवसाचं काम कुणाला चुकणार? पहिले तीन भाग त्या वळत होत्या, मधूनच एकमेकींशी बोलत होत्या. कात्रीचा आवाज सतत. मला हे असह्य झालं होतं. अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र मी पहिल्यांदा काही तरी पाहिलं, ज्याला आनंद म्हणता येईल.

आणि शेवटच्या रांगेत माझा थोरला भाऊ, आप्पा, येऊन बसलेला. मी त्याला बोलावलं नव्हतं. येळ्ळूरहून दोन बस बदलून तो बहिणीचं गाणं ऐकायला आला होता, हातात पिशवी, आणि त्या शेवटच्या ओळीबद्दल त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

चौथा भाग सुरू झाला. पहिली ओळ मी म्हटली. गायले नाही, म्हटली. समोरच्या एका म्हातारीचे हात थांबले. दुसरी, तिसरी… वाद्यं एकेक करून मागं गेली. रामचंद्रनं क्लॅरिनेट ओठांवरून काढलं. मग ती शांतता आली, जिची मला इतकी वर्षं धास्ती होती. मी तोंड उघडलं, आप्पाकडे नजर गेली, आणि मी गायले. ‘साकु’वर मी अशी हरकत घेतली, मग ‘होगूण’वर एक मींड, वरच्या षड्जाला जाऊन हळूच उतरले, की वखारीतल्या माणसांनी श्वास रोखला. टाळ्या थांबेनात. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात आलं, त्यातही त्या शेवटच्या जागेचंच कौतुक होतं. आप्पा जवळ येऊन म्हणाला, “लई ग्वाड गायलीस. शेवटाला शबुद काय होते गं? सुरात कळलं न्हाईत.” मी म्हणाले, काही नाही, जुने आहेत.

अण्णा वाद्यांच्या पेट्या बंद करत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. सहा वर्षांनी एक चांगला शब्द मिळेल असं वाटलं असावं. त्यांनी मान वर न करता म्हटलं, “बाई, तुम्ही ओळ झाकलासा.” तेवढंच. मग अडीच महिने काही नाही. शाळेत येणं त्यांनी बंद केलं. तब्येत बरी नव्हती हे मला नंतर कळलं. छातीत दुखतंय हे त्यांनी डॉक्टरला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही, फक्त बेळगावची खोली सोडून निपाणीला तिच्याकडे राहायला गेले. हे असलं वागणं मी माझ्या आठवीच्या मुलांना चालवून घेत नाही. माझं तयार उत्तर असं होतं: तुम्हाला काय जातंय, तुमचा भाऊ नव्हता बसला समोर. रोज फोन हातात घेऊन मी तो ठेवून देत होते. तेही तेच करत होते का, ते आता कळायला मार्ग नाही.

बाराव्याला मी निपाणीला गेले. हौसाक्कानं जेवू घातलं आणि सिंफनीचं बाड आणून माझ्यापुढं ठेवलं. “मला द्या म्हणाले होते?” मी विचारलं. “न्हाय. कायबी म्हणाला न्हाय,” ती म्हणाली. “पर हतं कुणाला वाचता येतंय हे?” बसमध्ये मी शेवटचं पान काढलं. त्यांच्या हट्टापायी मला ते लेखन थोडंफार वाचता येऊ लागलं होतं. कल्लव्वाच्या ओळीखाली जिथं सगळ्या वाद्यांच्या रेघा रिकाम्या होत्या, तिथं क्लॅरिनेटच्या रेघेवर एक सूर पेन्सिलनं लिहिलेला. ओळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकच, खालचा षड्ज. शेजारी बारीक अक्षरात: ‘इथं बाईंना भ्या वाटतं. रामचंद्रनं सूर धरून ऱ्हावं.’

मी ते तीनदा वाचलं. त्यांना सगळं कळलं होतं. मग एक फोन करायला काय झालं होतं या माणसाला? इतकी वर्षं मागितलेला सूर लिहून ठेवायचा, पान मिटायचं आणि गप्प बसायचं? शेजारची बाई माझ्याकडे बघू लागली, तेव्हा मला समजलं की मी मोठ्यानं बोलतेय.

त्या आठवड्यात मी येळ्ळूरला गेले आणि आप्पाला त्या ओळीतले शब्द सांगितले, अर्थासकट, कल्लव्वासकट. त्यानं दावणीच्या म्हशीचा कासरा आवळून बांधला. “आपल्या आईलाबी कुणीतरी म्हणायला पायजे हुतं,” एवढंच म्हणाला आणि वैरण काढायला उठला. त्यानं ते कसं घेतलं याची मला अजून खात्री नाही.

गेल्या रविवारी आम्ही सगळे पुन्हा जमलो. फर्नांडिस सरांनी काठी हातात घेतली. फौजी वेळेआधी, बाकीचे उशिरा. चौथ्या भागाला मी उभी राहिले. तीन ओळी झाल्या, वाद्यं मागं सरली, आणि रामचंद्रनं तो खालचा षड्ज धरला. पाय न हलवता. मी म्हटलं, साकु माडव्वा, मनीगे होगूण. हरकत नाही, मींड नाही. जसं शेजारची बाई शेजारच्या बाईला म्हणते तसं.

मग रामचंद्रनं क्लॅरिनेट खाली घेतलं आणि समोरच्या पानाकडे बघत विचारलं, “बाई, तुम्हाला आता भ्या वाटत न्हाय. मग ह्यो सूर खोडू व्हय?”

“खोडू नको,” मी म्हणाले. “परत वाटलं तर?”